गेम खेळताना दुसरी स्क्रीन उघडी ठेवल्याने खेळ सुधारतो का?

मुलगा मोबाइलवर बीजीएमआय खेळतो आहे, शेजारी लॅपटॉपवर एखाद्या नावाजलेल्या खेळाडूचे स्ट्रीमिंग चालू आहे आणि मध्येच व्हॉट्सअॅपही पाहिले जाते आहे. किंवा लॅपटॉपच्या अर्ध्या भागात क्लासचे ऑनलाइन लेक्चर आणि उरलेल्या अर्ध्या भागात गेम. आई-वडिलांनी टोकले की ठरलेले उत्तर येते, "मला दोन्ही जमतं. उलट मल्टिटास्किंगमुळे मेंदू तल्लख होतो."

दवाखान्यात डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ किंवा मान आखडल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांशी आणि तरुणांशी बोलताना हा विषय बऱ्याचदा निघतो. पालक विचारतात, यात तथ्य किती? या लेखात तेच पाहू.

थोडक्यात उत्तर असे: दुसऱ्या स्क्रीनवर त्याच गेमची माहिती असेल आणि खेळातल्या निवांत क्षणीच तिकडे पाहिले जात असेल, तर थोडा फायदा होऊ शकतो. दुसऱ्या स्क्रीनवर वेगळेच काम चालू असेल, तर दोन्ही कामांचे नुकसान होते. आणि जास्त नुकसान सहसा गेमचे होत नाही, त्या दुसऱ्या कामाचे होते.

मेंदू दोन कामे एकाच वेळी करतो का?

चालता चालता आपण गप्पा मारू शकतो, कारण चालणे इतके सवयीचे झालेले असते की त्याचा विचार करावा लागत नाही. पण दोन्ही कामांना विचार लागत असेल, तर मेंदू ती एकदम करत नाही. तो एका कामावरून दुसऱ्यावर आणि पुन्हा पहिल्यावर अशा उड्या मारत राहतो. उड्या इतक्या झटपट असतात की दोन्ही कामे सोबत चालली आहेत, असा आपला समज होतो.

प्रत्येक उडीला थोडा वेळ जातो. मेंदूला आधीच्या कामाचे नियम बाजूला ठेवावे लागतात, नव्या कामाचे नियम समोर आणावे लागतात आणि "मी कुठे होतो?" हे आठवावे लागते.

घरी एक सोपा प्रयोग करून पाहा. घड्याळ लावा आणि १ ते १० आकडे म्हणा, लगेच क ते ञ ही दहा अक्षरे म्हणा. किती सेकंद लागले ते लिहून ठेवा. आता तेच आलटूनपालटून म्हणा: १ क, २ ख, ३ ग... आकडे तेवढेच, अक्षरे तेवढीच, तरी वेळ जास्त लागतो आणि बहुतेक जण मध्ये अडखळतात. हा जास्तीचा वेळ म्हणजे मेंदूच्या उड्यांची किंमत. मुलांना उपदेश करण्यापेक्षा हा प्रयोग त्यांच्यासोबत केलेला जास्त पटतो.

डोळ्यांची मर्यादा

दुसरी अडचण डोळ्यांची आहे. आपल्याला समोरचे सगळे स्पष्ट दिसते असे वाटते, पण डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला छोटा भागच बारीक तपशील टिपतो. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. एका वेळी खरोखर स्पष्ट दिसणारा भाग साधारण तेवढाच असतो. बाकीच्या भागात हालचाल जाणवते, पण अक्षरे वाचता येत नाहीत.

म्हणून दुसऱ्या स्क्रीनवरचे वाचायचे तर नजर तिकडे न्यावीच लागते. नजर हलवायचे ठरल्यापासून ती हलायला लागेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातो. नजर प्रत्यक्ष सरकत असताना मेंदू ते धूसर चित्र जवळजवळ दाबून टाकतो. मग तिथले वाचणे आणि पुन्हा परत येणे. एका ओझरत्या नजरेतही अर्धा सेकंद सहज जातो.

अर्धा सेकंद म्हणजे फार नाही असे वाटेल. पण सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये तेवढ्यात ३० चित्रे पुढे सरकतात. समोरच्याला पाहून बटण दाबायला निरोगी तरुणाला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे तुमची नजर परत येईपर्यंत समोरच्याचे काम झालेले असते.

मोबाइल हातात म्हणजे ३० ते ४० सेंटिमीटरवर आणि मॉनिटर हातभर लांब असेल, तर प्रत्येक वेळी डोळ्याच्या भिंगाला फोकसही बदलावा लागतो. चाळिशीनंतर हे आणखी हळू होते. त्यामुळे मुलासोबत खेळायला बसलेल्या वडिलांची जास्त तारांबळ उडते.

मग दुसऱ्या स्क्रीनचा उपयोग कधी होतो?

काही ठिकाणी नक्कीच होतो.

• त्याच गेमची माहिती असेल तर. नकाशा, साहित्याची यादी किंवा पुढच्या टप्प्याची सूचना बाजूच्या स्क्रीनवर असेल, तर खेळ थांबवून मेनू उघडावा लागत नाही. निन्टेंडो कंपनीने २०१२ मध्ये आणलेल्या वी यू या यंत्राच्या हातातल्या पॅडवरच दुसरी स्क्रीन होती आणि काही गेममध्ये तिच्यावर नकाशा दिसत असे.

• खेळ पाळीपाळीचा असेल तर. बुद्धिबळासारख्या खेळात समोरच्याची चाल होईपर्यंत वेळ असतो. तिथे नजर हलवल्याने लगेच फटका बसत नाही, विचारांची साखळी मात्र तुटू शकते.

• माहिती कानाने येत असेल तर. हेडफोनवर साथीदाराने "डावीकडे आहे" असे सांगितले, तर डोळे जागचे हलत नाहीत. पण साथीदार खेळ सोडून कॉलेजच्या गप्पा मारू लागला, तर लक्ष तिकडेही जाते.

• सराव करताना, म्हणजे आधी पाहून मग खेळताना. चांगल्या खेळाडूचा व्हिडिओ पाहून शिकता येते. तो खेळाच्या आधी किंवा नंतर पाहावा. खेळता खेळता पाहिलेला व्हिडिओ धड डोक्यात जात नाही.

एकाच स्क्रीनचे दोन भाग करण्याची सोय अँड्रॉइड फोनमध्ये २०१६ च्या ७.० आवृत्तीपासून आली. पण मोबाइलवर वेगवान गेम असा खेळणे बहुधा तोट्याचे ठरते. चित्र लहान होते, बटणे बोटांखाली झाकली जातात, आणि दोन अॅप एकदम चालल्याने फोन तापून गेम अडखळू शकतो. भावंडांनी एकाच टीव्हीवर अर्धा-अर्धा भाग वाटून खेळणे ही वेगळी गोष्ट आहे. तिथे प्रत्येकाचे लक्ष आपल्या भागावर असते. फक्त टीव्ही पुरेसा मोठा हवा.

"गेममुळे मेंदू तल्लख होतो" हे खरे का?

यात थोडे तथ्य आहे, म्हणून ते नीट समजून घेऊ.

२००३ मध्ये ग्रीन आणि बॅव्हेलिअर या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की, वेगवान अॅक्शन गेम खेळणाऱ्यांचे दृश्य लक्ष काही चाचण्यांमध्ये इतरांपेक्षा चांगले असते. २०१३ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात ६० ते ८५ वर्षांच्या व्यक्तींना मुद्दाम तयार केलेला एक गेम खेळायला दिला होता. गाडी चालवता चालवता ठरावीक चिन्हे ओळखायची, असा तो खेळ होता. काही आठवड्यांच्या सरावानंतर त्यांची दोन कामे सांभाळण्याची क्षमता सुधारली.

पण या दोन्ही अभ्यासांत लोक एका वेळी एकच गेम खेळत होते. दुसऱ्या अभ्यासातली दोन्ही कामेही एकाच खेळाचा भाग होती आणि सराव मोजूनमापून दिलेला होता. शेजारी यूट्यूब आणि चॅट उघडे ठेवण्याशी त्याची तुलना होत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २००९ चा अभ्यास आपल्या प्रश्नाच्या जास्त जवळचा आहे. एकाच वेळी अनेक माध्यमे वापरण्याची सवय असलेले तरुण नको असलेल्या गोष्टींकडे दुर्लक्ष करण्यात आणि एका कामावरून दुसऱ्यावर जाण्यातही मागे पडले. ज्यात त्यांचा हातखंडा असायला हवा, त्यातच ते कमी पडले. नंतरच्या काही अभ्यासांत हा फरक एवढा ठळक दिसला नाही. शिवाय सवयीमुळे लक्ष विचलित होते की मुळातच लक्ष विचलित होणाऱ्यांना ही सवय लागते, हे अशा अभ्यासांतून ठरवता येत नाही. पण "दहा गोष्टी एकदम केल्याने मेंदू तरबेज होतो" या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही, एवढे नक्की.

खरे नुकसान कोणाचे?

पालकांनी आणि मुलांनी विशेष लक्ष द्यावे असा हा मुद्दा आहे.

गेम स्वतःकडे लक्ष ओढून घेतो. आवाज होतो, रंग चमकतात, चुकले तर लगेच हार होते. लेक्चर तसे ओरडत नाही. शिक्षकांचे एक वाक्य निसटले तर लेक्चर थांबत नाही, लाल दिवा लागत नाही, गुणही लगेच कमी होत नाहीत. त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवले की मेंदू साहजिकच गेमकडे झुकतो. गेममधली क्रमवारी फारशी घसरत नाही, म्हणून मुलाला प्रामाणिकपणे वाटते की दोन्ही जमते आहे. गणिताची एक पायरी सुटली हे त्याला तीन आठवड्यांनी, चाचणी परीक्षेत कळते.

मूल खोटे बोलत नसते. जे निसटले ते त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नसते, मग ते जाणवणार कसे? म्हणून "तू अभ्यास करतच नाहीस" असे म्हणण्याऐवजी लेक्चर संपल्यावर "आज काय शिकवलं ते मला दोन मिनिटांत सांग" असे म्हणा. त्यात दोघांनाही खरे काय ते कळते.

शरीरावर होणारे परिणाम

डोळे: एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे एकटक पाहताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली जाऊ शकते. त्यामुळे डोळे कोरडे पडतात, जळजळतात आणि धूसर दिसू लागते.

मान आणि खांदे: एक स्क्रीन समोर आणि दुसरी बाजूला किंवा मांडीवर असेल, तर मान सतत वळलेली किंवा वाकलेली राहते. एकाच बाजूची मान दुखत असेल, तर दुसरी स्क्रीन कोणत्या बाजूला असते ते आधी पाहा.

झोप: १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी. गेम संपला तरी स्ट्रीमिंग आणि चॅट चालूच राहिल्याने झोपेची वेळ पुढे जाते. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी प्रतिसादाचा वेग मंदावतो. म्हणजे ज्या खेळासाठी जागरण केले, तोच बिघडतो.

काय करावे?

• वेगवान गेम खेळताना एकच स्क्रीन ठेवा. बाकीच्या सूचना बंद करा.
• दुसरी स्क्रीन हवीच असेल, तर ती मुख्य स्क्रीनला लागून, त्याच उंचीवर आणि शक्यतो तेवढ्याच अंतरावर ठेवा. मॉनिटर हातभर लांब आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी.
• दर २० मिनिटांनी साधारण २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहा. सामना मध्येच थांबवता येत नसेल, तर प्रत्येक सामन्यानंतर हे करा आणि उठून दोन-चार पावले चाला.
• लेक्चर आणि गेम यांच्या वेळा वेगळ्या ठेवा. ४० मिनिटे अभ्यास आणि मग २० मिनिटे मनसोक्त गेम, हे एक तास दोन्ही शेजारी ठेवण्यापेक्षा कितीतरी चांगले.
• झोपण्यापूर्वी तासभर सर्व स्क्रीन बंद. मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा. हा नियम आई-बाबांनाही लागू असावा, तरच तो टिकतो.

डॉक्टरांना कधी भेटावे?

• विश्रांती घेऊनही डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ किंवा धूसर दिसणे आठवड्याभरात कमी होत नसेल.
• मूल फळ्यावरचे वाचताना डोळे बारीक करत असेल. चष्म्याचा नंबर तपासून घ्या.
• मानेचे दुखणे हातात उतरत असेल, किंवा हाताला मुंग्या येत असतील वा शक्ती कमी वाटत असेल.
• स्क्रीनसमोर असताना झटका आला, भान हरपले किंवा मूल काही क्षण शून्यात पाहत राहिले. अशा वेळी थांबू नका, लगेच रुग्णालयात न्या.
• खेळावर ताबा राहत नाही, जेवण, शाळा, मित्र यांपेक्षा गेम महत्त्वाचा झाला आहे आणि नुकसान दिसूनही खेळणे थांबत नाही.

शेवटच्या लक्षणांना जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' म्हणून आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले आहे. ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. निदानासाठी ही लक्षणे साधारण १२ महिने असावी लागतात आणि त्यांचा रोजच्या जगण्यावर ठळक परिणाम दिसावा लागतो. त्यामुळे सुट्टीत चार दिवस जास्त खेळणाऱ्या मुलावर हा शिक्का मारू नका. पण शंका असेल तर वर्षभर वाटही पाहू नका. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून अशा तक्रारींसाठी 'शट क्लिनिक' चालते. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मोफत सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

गेम खेळणे हा गुन्हा नाही. तो मन लावून खेळावा, आणि वेळ झाली की तेवढ्याच मनाने बाजूला ठेवावा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. त्रास होत असल्यास आपल्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासणी करून घ्या.