पथ्य आणि पोटांतील जंतु

आमच्या घरांत आम्लपित्त ही जणूं वडिलोपार्जित इस्टेटच समजली जाई. पहांटे पोटांत आग पडावी, पेलाभर दूध घ्यावें, घटकाभर बरें वाटावें व पुन्हां जळजळ सुरू व्हावी, हा क्रम आम्हीं अनेक वर्षें चालविला. तिखट सोडलें, तळलेलें सोडलें, चहाहि सोडला. दुखणें कांहीं आम्हांस सोडीना. शेवटीं डॉक्टरांनीं श्वासाची परीक्षा करविली व पोटांत 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' नांवाच्या जंतूनें बिऱ्हाड केल्याचें सांगितलें.

जठरांतील तीव्र अम्लांत जंतूंचा टिकाव लागत नाहीं, असें पूर्वीं मानीत. ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनीं १९८२ सालीं हा जंतु प्रयोगशाळेंत वाढविला. जाणत्यांस तें पटेना, तेव्हां १९८४ सालीं मार्शल यांनीं ते जंतु स्वतः प्राशन केले व आपल्या जठरास दाह झाल्याचें दाखवून दिलें. २००५ सालीं उभयतांस नोबेल पारितोषिक मिळालें. हा जंतु बहुधा बाळपणींच, घरच्याच माणसांकडून पोटांत शिरतो. पुष्कळांस त्याचा त्रास होत नाहीं; कित्येकांस मात्र व्रण होतात, व क्वचित् कर्करोगहि होतो.

यावर दोन-तीन जंतुनाशक औषधें व अम्ल कमी करणारें एक, अशीं बहुधा १४ दिवस घ्यावीं लागतात. सहाव्या दिवशीं जळजळ थांबली आणि आम्हीं आपल्याच शहाणपणानें औषध बंद केलें! अर्ध्यांत सोडलेल्या गणितास जन्मभर शून्य गुण देणाऱ्या आम्हांस ही बुद्धि व्हावी, याची आज लाज वाटते. दुखणें परतलें. अर्धवट औषधानें उरलेले जंतु त्या औषधास दाद देईनासे होऊं शकतात, म्हणून डॉक्टरांस औषधें बदलावीं लागलीं. या खेपेस आमच्या कुटुंबानें दिनदर्शिकेवर रोज फुली मारून १४ दिवस पुरे करविले. तोंड कडवट होई, बिस्मथाच्या गोळ्यांनीं शौचास काळें होई. पण तें आधींच सांगितलेलें असल्यानें आम्ही डगमगलों नाहीं. औषध संपल्यावर निदान चार आठवड्यांनीं पुन्हां परीक्षा करावी लागते, व तीपूर्वीं दोन आठवडे अम्लशामक गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. त्या परीक्षेंत जंतु आढळले नाहींत.

मग पथ्य व्यर्थ काय? मुळींच नाहीं. मऊ भात, मुगाचें वरण, सोसेल तर ताजें ताक, यांनीं औषधाचे दिवस सुसह्य होतात. तंबाखू व मद्य वर्ज्यच. अंगदुखीच्या गोळ्याहि मनानें घेऊं नयेत. दुधानें मिळणारा आराम मात्र क्षणिक. मागाहून अम्ल वाढतेंच. डांबरासारखें काळें शौच, रक्ताची वांति किंवा अकारण वजन घटणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास घरगुती उपायांत एक दिवसहि दवडूं नये.

पथ्य म्हणजे पथास, मार्गास, धरून असणारें. आम्हीं वर्षानुवर्षें पथ्य पाळलें खरें, पण मार्गच धरला नव्हता. वाचकांनीं आधीं परीक्षा करवावी, औषध शेवटच्या गोळीपर्यंत घ्यावें, आणि पथ्यास त्याचें सोबती करावें.