संगणकाची घणाखाली परीक्षा

शाळेतल्या संगणकाला आपण किती जपतो! त्याच्यावर धूळ बसू देत नाही, पाणी जवळ नेत नाही, हलवायचा झाला तर दोघे मिळून अलगद उचलतो. पण याच यंत्राला युद्धनौकेवर काम करायचे असेल, तर त्याला आधी घणाचे घाव सोसावे लागतात. हा छळ कशासाठी, ते आपण पाहू.

२१ नोव्हेंबर १९३९ रोजी ‘बेलफास्ट’ या ब्रिटिश युद्धनौकेखाली एका चुंबकीय सुरुंगाचा स्फोट झाला. तळाला भोक पडले ते लहानसेच. पण हादऱ्याने नौकेचा सांगाडा वाकला आणि आतली यंत्रे मोडली. ती पुन्हा सेवेत यायला जवळजवळ तीन वर्षे लागली. असे का व्हावे? हवा दाबली की आकुंचन पावते. पाणी मात्र जवळजवळ आकुंचन पावतच नाही. त्यामुळे स्फोटाचा धक्का पाण्यातून फारसा मऊ न होता जहाजावर आदळतो. म्हणजे जहाज न बुडताही त्यातील उपकरणे निकामी होऊ शकतात.

म्हणूनच अमेरिकन नौदलाने आघात-परीक्षेचे यंत्र ठरवून दिले आहे. सुमारे २५० किलोपर्यंतची उपकरणे त्यावर तपासतात. उपकरण एका जाड पोलादी पत्र्यावर घट्ट बसवतात. १८१ किलोचा घण त्या पत्र्यावर आधी १ फुटावरून, मग ३ फुटांवरून आणि शेवटी ५ फुटांवरून आदळतो. हेच तीन दिशांनी करायचे. एकूण ९ घाव. ५ फूट म्हणजे १.५२ मीटर. आता तुमच्या पुस्तकातले v² = 2gh हे सूत्र वापरून घणाचा वेग काढा. तो सेकंदाला सुमारे ५.५ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २० किलोमीटर येईल. सायकलच्या वेगाने दोन माणसांहून जड लोखंड येऊन धडकावे, तसे हे आहे! फार जड उपकरणांसाठी तर ती तरंगत्या तराफ्यावर ठेवून जवळच पाण्याखाली २७ किलो स्फोटक उडवतात. पहिला स्फोट १२ मीटरवर, आणि पुढचे क्रमाक्रमाने जवळ आणत शेवटचा ६ मीटरवर.

घणातून वाचले तरी सुटका नाही. जहाज सतत थरथरत असते. समजा, पंख्याला ५ पाती आहेत आणि तो मिनिटाला १८० फेरे घेतो. पाती पाण्याला मिनिटाला ९०० वेळा, म्हणजे सेकंदाला १५ वेळा ढकलतील. आता झोपाळा आठवा. त्याच्या लयीत हलके हलके झोके दिले तरी तो उंच जातो. यालाच अनुनाद म्हणतात. संगणकाच्या आतील एखाद्या पट्टीची स्वतःची लयही सेकंदाला १५ कंपनांचीच असली, तर ती हलता हलता तुटेल. म्हणून परीक्षक कंपनसंख्या हळूहळू बदलत अशा घातक लयी शोधतात आणि नेमक्या त्याच लयीवर उपकरण दोन तास हलवतात. याशिवाय खारी हवा, उष्णता, विजेच्या दाबातील चढउतार आणि शेजारच्या रडारच्या लहरी यांच्याही परीक्षा असतातच.

आता तुम्ही म्हणाल, इतके झाल्यावर संगणक उत्तीर्ण झाला असे मानायला काय हरकत? थांबा. ‘यॉर्कटाउन’ या अमेरिकन युद्धनौकेवर १९९६ पासून नव्या संगणक-जाळ्याची चाचणी चालू होती. थोड्या माणसांत जहाज चालवता यावे, हा हेतू. सप्टेंबर १९९७ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ एका नाविकाने एका रकान्यात शून्य भरले. संगणकाने त्या शून्याने भागाकार करायचा प्रयत्न केला. शून्याने भागता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण असे शून्य आल्यास काय करायचे, हे त्या आज्ञावलीला नीट शिकवलेले नव्हते. एका जागची चूक साऱ्या जाळ्यात पसरली, इंजिनांचे नियंत्रण गेले आणि ते अवाढव्य जहाज सुमारे पावणेतीन तास जागीच थांबले. ना सुरुंग, ना घण. फक्त एक शून्य!

सुदैवाने तेव्हा युद्ध नव्हते. खऱ्या समुद्रावर, खऱ्या नाविकांच्या हाती यंत्र देऊन तपासण्याचे महत्त्व यावरून कळते. ही रीत जुनीच आहे. अमेरिकन नौदलाने आपली पहिली मोठी संगणकीय युद्धमाहिती-प्रणाली १९६१-६२ मध्ये ‘ओरिस्कनी’, ‘किंग’ आणि ‘मेहान’ या तीन जहाजांवर प्रत्यक्ष वापरून पाहिली होती. दमलेला माणूस चुकीचे बटण दाबतो, आकडा भरायला विसरतो. अशा चुका मुद्दाम करून पाहणे, हीसुद्धा परीक्षाच आहे.

तुम्हीही एक प्रयोग करा. दोन संख्यांचा भागाकार करणारी छोटी आज्ञावली लिहा आणि ती मित्राच्या हाती द्या. ‘हिला कसेही करून अडकव’ असे त्याला सांगा. तो शून्य देईल, अक्षर देईल, काहीच न भरता पुढे जाईल. तरीही तुमची आज्ञावली न अडता ‘पुन्हा संख्या द्या’ असे म्हणाली, तर समजा की ती समुद्रावर जाण्याच्या पहिल्या परीक्षेत उतरली.