लॅपटॉपला ‘बँकर’ हवे का?

अभियांत्रिकीचे प्रवेश सुरू झाले, की कर्जत-खालापूर परिसरातील घराघरांत लॅपटॉप खरेदीचा विषय निघतो. मुलांना अभ्यासाबरोबर गेमही खेळायचे असतात. ‘स्वतंत्र ग्राफिक्स’साठी जादा पैसे का मोजायचे, हे मात्र पालकांना उमगत नाही.

या प्रश्नाचे उत्तर कर्जत स्थानकावर सापडते. बोर घाटात ३७ फुटांमागे १ फूट असा चढ आहे. तो चढण्यासाठी मेल-एक्स्प्रेस गाड्यांना येथे मागून बँकर इंजिने जोडली जातात. स्वतंत्र ग्राफिक्स हे लॅपटॉपचे असेच जादा इंजिन होय. अंगभूत ग्राफिक्स मात्र प्रोसेसरमध्येच सामावलेले असते. त्याला स्वतःची मेमरी नसते. ते रॅममधूनच वाटा घेते.

खरी मेख येथेच आहे. गेममधील दृश्ये सेकंदाला अनेकदा नव्याने रेखाटायची, तर मेमरीतून माहिती वेगाने मिळावी लागते. डीडीआर-४ ३२०० प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट माहिती पुरवते. दोन पट्ट्या असल्यास ५१.२. म्हणूनच दुसरी पट्टी बसवताच अंगभूत ग्राफिक्सवरील गेम अधिक सुरळीत चालतात. एनव्हिडियाच्या आरटीएक्स २०५० या प्राथमिक श्रेणीतील स्वतंत्र ग्राफिक्सला ४ गिगाबाइटची स्वतःची मेमरी असून, तिचा वेग सेकंदाला ११२ गिगाबाइट आहे.

अर्थात, प्रत्येक गाडीला बँकर लागतेच असे नाही. २०२३मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर ‘वंदे भारत’ हा घाट बँकरविना चढते. ‘व्हॅलोरंट’सारखे हलके गेमही अंगभूत ग्राफिक्सवर खेळता येतात. एएमडीचे रेडिऑन ७८०एम हे अंगभूत ग्राफिक्स तर एनव्हिडियाच्या जुन्या एमएक्स ४५० या स्वतंत्र ग्राफिक्सलाही मागे टाकते.

शिवाय जादा इंजिनाला वीजही जादा लागते. लॅपटॉप तापतो, पंख्याचा आवाज वाढतो, बॅटरी लवकर उतरते आणि चार्जर जोडल्याविना पूर्ण क्षमता मिळत नाही. रोज खोपोली लोकलने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला लॅपटॉप व चार्जरचे वाढीव वजनही वाहावे लागते.

अभ्यास आणि हलके गेम एवढीच गरज असेल, तर चांगले अंगभूत ग्राफिक्स व रॅमच्या दोन पट्ट्या पुरेशा ठरतात. अलीकडचे भारी गेम खेळायचेच असतील, तर स्वतंत्र ग्राफिक्स घ्यावे; परंतु ४ गिगाबाइट मेमरी आता अनेक गेमना अपुरी पडते, त्यामुळे किमान ६ गिगाबाइटचा आग्रह धरावा. रॅमसाठी मोकळी जागा आहे का, हेही दुकानातच विचारून घ्यावे. जागा असल्यास रॅम पुढे वाढवता येते. लॅपटॉपमधील ग्राफिक्स मात्र सहसा बदलता येत नाही.