नागपूरला बिऱ्हाड हलवताना : आधी शहर ओळखा, मग दुकान मांडा

मुंबई, भिवंडी, मालेगाव या भागांतील किती तरी घरांत आज एकच चर्चा चालू असते. गाळ्याचे भाडे झेपत नाही. इमारत पुनर्विकासात गेली की कारखाना कोठे न्यायचा, हे ठरत नाही. एका खोलीत मशीनही चालते आणि मुलांचा अभ्यासही तेथेच होतो. अशा वेळी नागपूरहून एखाद्या नातेवाइकाचा फोन येतो, "भाई, इकडे या. जागा स्वस्त आहे, मेट्रो आहे, रस्ते मोठे आहेत. तिथे काय ठेवलंय?"

फोन ठेवल्यावर घरात दोन तट पडतात. तरुण मुलगा म्हणतो, चला. वडील म्हणतात, अनोळखी शहर आहे, तिथे आपल्याला उधार कोण देईल? दोघांचेही म्हणणे खरे आहे. जावे की जाऊ नये, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. पण जायचे ठरलेच तर कोणत्या क्रमाने जावे, याचा विचार आपल्याकडे फार कमी होतो. बहुतेकांची पुंजी बुडते ती शहर वाईट म्हणून नव्हे, तर पहिल्याच महिन्यात सगळा पैसा दुकानाच्या डिपॉझिटमध्ये अडकवला म्हणून.

नागपूर नवख्यांचेच शहर

नागपूर आपल्याला अनोळखी असेल, पण बाहेरून येणारा माणूस नागपूरला अनोळखी नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने अठराव्या शतकाच्या आरंभी हे शहर वसवले. त्याने इस्लाम स्वीकारलेला होता. आपल्या राज्यात त्याने बाहेरून शेतकरी, कारागीर आणि व्यापारी आणून बसवले आणि हिंदू-मुसलमान दोघांनाही कामे दिली. पुढे एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातील मोमिन विणकर आपले माग सोडून दक्षिणेकडे निघाले. त्यांतील काही मालेगाव-भिवंडीला थांबले, तर काही कामठी-नागपूरला. मोमिनपुरा या नावातच त्या स्थलांतराची खूण आहे.

आणखी एक उदाहरण व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. जमशेटजी टाटा यांनी आपली एम्प्रेस मिल मुंबईत न काढता नागपुरात काढली. १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली. मुंबई सोडून आडगावी पैसा घालणे म्हणजे सोने मातीत पुरणे, असे तेव्हा एका सावकाराला वाटले होते. टाटांनी मात्र आधी हिशेब मांडला होता. कापूस जवळ पिकतो, रेल्वे १८६७ मध्येच येऊन पोहोचली आहे, पाणी आणि सरपण मिळते. जागा स्वस्त आहे एवढेच त्यांनी पाहिले नाही. कच्चा माल कोठून येईल आणि तयार माल कोठे जाईल, हे आधी पाहिले. आपली पुंजी लहान असली तरी प्रश्न हेच आहेत.

आज या प्रश्नांची उत्तरे काय आहेत? मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग नागपुरात एकत्र येतात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे आणि त्याचे मुंबईकडचे टोक भिवंडीजवळ आमणे येथे आहे. म्हणजे भिवंडीचा कपडा ट्रकने थेट नागपुरास पोहोचतो. वस्तीचे म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाख होती. मुंबईच्या मानाने शहर मध्यम, पण गिऱ्हाईक आसपासच्या जिल्ह्यांतून आणि शेजारच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडमधूनही येते.

दोन रेघा पाठ करा

नागपूर मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी तिचा पहिला टप्पा पुरा झाला. तिच्या दोन रेघा आहेत. उभी रेघ उत्तरेला कामठी रस्त्यावरील ऑटोमोटिव्ह चौकापासून दक्षिणेला खापरीपर्यंत जाते. आडवी रेघ पूर्वेच्या प्रजापती नगरापासून पश्चिमेच्या लोकमान्य नगरापर्यंत जाते. दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना छेदतात आणि तेथे गाडी बदलता येते.

व्यापाऱ्यासाठी आडवी रेघ जास्त मोलाची आहे. रेल्वे स्टेशन, दोसर वैश्य चौक, अग्रसेन चौक, चितार ओळ ही तिची ओळीने येणारी स्थानके आहेत. दोसर वैश्य चौकातून मोमिनपुरा जवळ. अग्रसेन चौक आणि चितार ओळ येथून गांधीबागेची कपडा बाजारपेठ आणि इतवारी पायी गाठता येते. इतवारी म्हणजे धान्य, किराणा आणि सराफा यांचे जुने ठोक केंद्र. चितार ओळ हे नावच मूर्ती घडवणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांचे आहे. पश्चिमेच्या टोकाला लोकमान्य नगरला उतरले की हिंगण्याची एमआयडीसी जवळ येते. सीताबर्डी ही किरकोळ खरेदीची मोठी पेठ.

मेट्रो जेथे जात नाही तेथे महानगरपालिकेची 'आपली बस' आहे. कळमन्याचा बाजार किंवा ताजबाग या बाजूंना जायचे तर बस किंवा ऑटोच घ्यावी लागेल. बुटीबोरीची मोठी एमआयडीसी वर्धा रस्त्यावर खापरीच्याही बरीच पुढे आहे. तेथे कामाला जाणाऱ्याने केवळ मेट्रोच्या भरवशावर शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेऊ नये.

मुंबईकराने एक सवय मात्र सोडावी. मुंबईची लोकल मध्यरात्रीनंतरही मिळते. नागपूरची शेवटची मेट्रो रात्री दहाच्या आसपास निघून जाते. दुकान साडेनऊला बंद करून हिशेब लिहीत बसलात तर घरी ऑटोने जावे लागेल आणि ते भाडे रोजच्या खर्चात धरावे लागेल.

माणूस मेट्रोने, माल टेम्पोने

आपले काही कारागीर बांधव अशी समजूत करून घेतात की मेट्रो दाराशी आली म्हणजे मालाची ने-आणही स्वस्त झाली. तसे नाही. मेट्रो माणसाची सोय आहे. हातातली पिशवी, नमुन्याचे चार तुकडे, हिशेबाची वही एवढे तिच्यातून जाईल. कापडाचे गाठोडे किंवा तयार कपड्यांचे पोते जाणार नाही. त्याला 'छोटा हत्ती'च लागतो.

म्हणून दुकान किंवा कारखाना निवडताना मेट्रो स्थानकापेक्षा गाडी दारापर्यंत येते काय, माल उतरवायला जागा आहे काय, हे पाहावे. इतवारीच्या जुन्या गल्ल्यांत हा प्रश्न फार मोठा आहे. घर निवडताना मात्र स्थानक आणि बस थांबा आधी पाहावा. ही दोन मोजमापे वेगळी आहेत. ती एकत्र केली की घरही गैरसोयीचे मिळते आणि दुकानही.

घर आधी, दुकान नंतर

वाहतूक चांगली असलेल्या शहराचा खरा फायदा हा की राहण्याची जागा आणि धंद्याची जागा एकाच गल्लीत असावी लागत नाही. एके ठिकाणी राहून सारे शहर धुंडाळता येते. म्हणून आमचा सल्ला असा की पहिले तीन महिने फक्त घर भाड्याने घ्या, दुकान घेऊ नका.

उदाहरणादाखल हिशेब मांडू. समजा एका शिवणकाम करणाऱ्या कारागिराजवळ सहा लाखांची पुंजी आहे. तो आल्या आल्या चार लाख दुकानाच्या डिपॉझिटला देतो. एक लाख फर्निचर आणि बोर्डाला जातो. मालासाठी एक लाख उरतो. नवा माणूस म्हणून ठोक व्यापारी त्याला रोखीने माल देतो, आणि गिऱ्हाईक मात्र त्याच्याकडे उधार मागते. तिसऱ्या महिन्यात दुकानात बोर्ड असतो, माल नसतो. मग व्याजाच्या पैशाकडे नजर जाते आणि पुढचे सांगायला नको.

आता दुसरा मार्ग पाहा. घरभाडे, रेशन, मुले, प्रवास मिळून महिन्याला पंचवीस हजार धरले तरी तीन महिन्यांत पाऊण लाख जातो. सव्वापाच लाख शिल्लक राहतात. या तीन महिन्यांत त्याने दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरीवर काम धरावे, म्हणजे पाऊण लाखातलेही काही वाचते. बाकीच्या वेळात बाजार पाहावा. कोणत्या दुकानात गर्दी सकाळी असते, कोठे संध्याकाळी? कोणता व्यापारी पैसे वेळेवर देतो? आपल्यासारखे काम करणारे किती जण आहेत आणि ते कोणत्या दराने करतात? ही माहिती कोणत्याही डिपॉझिटपेक्षा किमती आहे. जुन्या गावातील मशीन तोवर विकू नये. परतीची वाट तीन महिने उघडी असू द्यावी.

घर शोधताना आपल्या लोकांना कोठे कोठे नकार मिळतो, हे येथे नव्याने सांगण्याची गरज नाही. म्हणून बहुतेक जण ओळखीच्या मोहल्ल्यातच शिरतात आणि तेथील भाडी वाढतात. मोहल्ल्यात राहण्याचे फायदे आहेत. मशीद, शाळा, शेजारधर्म जवळ असतो, आणि मोमिनपुऱ्याजवळ मेयो रुग्णालयही आहे. पण दोन-तीन स्थानके पलीकडे जागा मिळत असेल तर तीही पाहावी. मुलीला कॉलेजला एकटीने सुरक्षित जाता येते काय, घरच्या बाईला बाजार आणि दवाखाना स्वतःहून गाठता येतो काय, हे तिलाच विचारावे. दिवसभर बाहेर असणाऱ्या पुरुषाला घराची गैरसोय कळत नाही. घर पक्के करण्यापूर्वी घरातील स्त्रियांचा मशवरा घ्यावा आणि त्यांना एकदा मेट्रोने, बसने फिरवून आणावे.

पागडी असो की भाडे, कागद हवा

दुकान घेण्याची वेळ आली की आपल्याकडे "जबान दिली आहे" यावर व्यवहार होतात. जबान मोठी गोष्ट आहे, पण अनोळखी शहरात तिला साक्षीदार नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी व्हावी लागते. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. याच कायद्याने पागडी घेणे-देणे आता बेकायदा राहिलेले नाही. म्हणून पागडीची पावती मागण्यात संकोच नको. जो मालक पावती देण्यास तयार नाही त्याची जागा कितीही मोक्याची असो, ती सोडावी.

तळघरातील गाळा स्वस्त मिळतो. तो घेण्यापूर्वी शेजाऱ्यांना २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेचे विचारावे. त्या रात्रीच्या पावसाने नाग नदी आणि अंबाझरी तलावाचे पाणी वस्त्यांत व दुकानांत शिरले होते. आपल्या गाळ्यात किती पाणी होते, हे मालक सांगणार नाही, शेजारी सांगेल.

निघण्यापूर्वीची कागदपत्रे

जीएसटी नोंदणी असेल तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नंबर बदलत नाही. धंद्याचा पत्ता बदलल्यावर १५ दिवसांत दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन करावा लागतो. उद्यम नोंदणीतही पत्ता बदलून घ्यावा. त्यासाठी सरकारी फी नाही, एजंटला पैसे देऊ नयेत. गुमास्ता म्हणजे शॉप ॲक्टची नोंद नव्या जागेसाठी करावी. अन्न सुरक्षा योजनेत असाल तर आपल्या रेशन कार्डावर नागपुरातील दुकानातही धान्य मिळू शकते.

मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि ओबीसीत मोडणाऱ्या बिरादरीची जातीची प्रमाणपत्रे जुन्या गावातूनच घेऊन निघावे. ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे वास्तव्य पाहिले जाते आणि तो वडील-आजोबांच्या त्या गावाकडूनच मिळतो. नागपुरात येऊन बसल्यावर त्यासाठी पुन्हा चकरा माराव्या लागतात. त्यात मुलाचे एक वर्ष वाया जाऊ शकते.

ऊन, बोली आणि राखीव पैसा

नागपूरचा उन्हाळा हा गंमतीचा विषय नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. मेअखेरच्या नऊ दिवसांना तेथे 'नवतपा' म्हणतात. दुपारी बाजार ओस पडतो आणि गिऱ्हाईक संध्याकाळी बाहेर निघते. पत्र्याच्या शेडमध्ये कारखाना घेणाऱ्याने कूलरचा आणि विजेचा खर्च आधीच धरावा. शक्य असेल तर मार्चपूर्वी येऊन पाहून जावे आणि एकदा मे महिन्यातही येऊन पाहावे.

बोली हिंदी चालते आणि वऱ्हाडी ढंगाची मराठीही चालते. "का?" ऐवजी "काहून?" ऐकू आले तर हसू नये. गिऱ्हाइकाशी त्याच्या बोलीत दोन शब्द बोलणाऱ्याची पत लवकर बसते.

आणखी एक गोष्ट टाळून चालणार नाही. १७ मार्च २०२५ रोजी महाल भागात दंगल झाली आणि शहराच्या काही भागांत कर्फ्यू लागला. तो २३ मार्चला पूर्ण उठला. ऐन रमजानच्या हंगामात दुकाने बंद राहिली. असे दिवस कोणत्याही शहरावर येऊ शकतात. रोजच्या गल्ल्यावर चूल पेटणाऱ्या घरात किमान एका महिन्याचा खर्च बाजूला असावा, तो धंद्यात घालू नये. दुकान ज्या पेठेत घ्याल तेथील व्यापारी संघटनेत नाव घालावे आणि शेजारच्या दुकानदाराशी, तो कोणत्याही समाजाचा असो, चहाचे नाते जोडावे. बंद शटरवर नजर ठेवणारा पहिला माणूस तोच असतो.

अनोळखी शहरात माणसाजवळ दोन पुंज्या असतात, पैसा आणि नाव. पैसा आपण सोबत नेतो. नाव तेथे जाऊन कमवावे लागते आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ मिळावा म्हणून पैसा जपून ठेवायचा. आधी एकट्याने जा, आठ दिवस त्या दोन रेघांवरून फिरा, दर स्थानकाला उतरून चहा प्या आणि भाव विचारा. मग घरच्यांना घेऊन जा. दुकानाचा बोर्ड सर्वांत शेवटी रंगवा.