आधी पाणी, मग घर

शहर सोडून कोकणात घर बांधू पाहणारे बहुधा आधी आराखडा काढतात आणि मग जमीन शोधतात. क्रम उलटा हवा. इथे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. कारण सच्छिद्र जांभा पाणी फार काळ धरून ठेवत नाही आणि उतारावरून ते समुद्राकडे धावतं. म्हणून जागा पाहायची ती हिरव्यागार श्रावणात नव्हे, मे महिन्यात, विहिरीत डोकावून. एवढ्या पावसात 100 चौरस मीटर छपरावर वर्षाला 3 लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं थोडं टाकीत साठवलं आणि उरलेलं चरांतून मुरवलं, तर नवं घर गावाच्या विहिरीवर भार होत नाही.

जांभ्याच्या भिंती आणि कौलं ही निव्वळ हौस, असा आक्षेप घेतला जातो. कौलं वरचेवर चाळावी लागतात, वाशांना वाळवी लागते, हे खरंच आहे. पण कोकणातल्या कितीतरी स्लॅबवरही गळतीपायी पत्रे चढलेले दिसतात. देखभाल कुणालाच चुकत नाही; कौलांची डागडुजी निदान गावातल्या हातांना काम देते. दुसरी अडचण कायद्याची: महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. तेव्हा सातबारा, वहिवाटीची वाट आणि विहिरीतला हिस्सा तपासल्याशिवाय विसार देऊ नका.