कचऱ्याची वाट

ठाण्याची खाडी आणि पारसिकची डोंगररांग यांच्या मध्ये नवी मुंबई वसली आहे. १९७० साली सिडको या संस्थेची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहू लागले. त्यापूर्वी येथे भातशेती व मिठागरे होती. आगरी-कोळ्यांची घरे होती. घराच्या परसात उकिरडा असे. शेण, राख, भाजीची देठे आणि पालापाचोळा त्यात पडे आणि पावसाळ्यापूर्वी त्याचे खत शेतात जाई. मातीतून आलेले मातीला परत मिळे.

आता परसाच्या जागी उंच इमारती आल्या. केराचे रूपही पालटले. प्लॅस्टिकच्या पिशव्या, बॅटरीचे सेल, औषधांची वेष्टने हे काही मातीला पचत नाही. माणसाची सवय मात्र जुनीच राहिली. केर दाराबाहेर टाकला की घर स्वच्छ झाले आणि काडी लावली की तो नाहीसा झाला, असे पुष्कळांना वाटते.

वस्तुतः जाळलेला केर नाहीसा होत नाही. तो केवळ रूप बदलतो. उघड्यावरील आगीत पुरेशी उष्णता नसते व हवाही सारखी मिळत नाही. त्यामुळे पदार्थ अर्धवट जळतात आणि कार्बन मोनॉक्साईडसारखा विषारी वायू व काजळीचे सूक्ष्म कण बाहेर पडतात. काही प्रकारचे प्लॅस्टिक जळताना डायॉक्सिन नावाची घातक द्रव्ये तयार होतात. केर पेटविणारा आपली खिडकी लावून घेतो. परंतु शेजारच्या घरातील तान्ह्या मुलाला आणि दम्याने पीडित आजोबांना तोच धूर श्वासाबरोबर घ्यावा लागतो. धुराला कुंपण नसते.

फेकलेल्या केराचीही तीच गत होते. पावसाच्या पहिल्या सरीबरोबर तो नाल्यात शिरतो. नाला तुंबला तर पाणी वस्तीत येते. न तुंबला तर केर खाडीला मिळतो. खाडीकाठी तिवरांची वने आहेत. तिवराची काही मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून वर डोकावतात. त्यांवर प्लॅस्टिक साचले की झाड गुदमरते. ही वने भरतीच्या लाटांपासून किनाऱ्याचे रक्षण करतात आणि मासळीच्या पिलांना आसरा देतात. खाडीत दरवर्षी रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. २०१५ साली खाडीचा काही भाग त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला.

म्हणूनच या बाबतीत कायद्याला लक्ष घालावे लागले. खारफुटीच्या वनांत राडारोडा व कचरा टाकण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली मनाई केली. २०१६ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनी रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारात किंवा पाण्यात कचरा टाकणे, जाळणे व पुरणे निषिद्ध ठरविले आणि घरातच कचरा वेगळा करण्याचे बंधन घातले. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाई द्यावी लागेल, असा आदेश दिला.

तथापि दंडाचे भय किती दिवस पुरणार? प्रत्येक स्वयंपाकघरात पहारेकरी उभा करता येत नाही. ओला व सुका कचरा एकत्र झाला की दोन्ही वाया जातात. त्यात दडलेल्या फुटक्या काचेने सफाई कामगाराचा हात कापतो. तेच दोन डबे वेगळे ठेवले, तर सुक्या कचऱ्यातील कागद, काच व धातू पुन्हा उपयोगास येतात. सेल, मुदत संपलेली औषधे अशा धोकादायक वस्तू मात्र निराळ्याच ठेवाव्या लागतात.

कोपरखैरणे येथील जुन्या कचराभूमीवर आज निसर्ग उद्यान आहे. तेथे मुले खेळतात, वृद्ध फिरावयास येतात. परंतु प्रत्येक कचराभूमीचे उद्यान करावयाचे म्हटले, तरी नव्या कचऱ्यासाठी नवी जमीन कोठून आणावयाची? त्यापेक्षा भाजीच्या देठांचे खत करणे सोपे. परसातला उकिरडा गेला, तरी त्याने शिकविलेला धडा अजून जुना झालेला नाही.