दोन टायर : पुढे की मागे?
जुलैत आंबा घाटातून कोल्हापूरला जायचं, मागच्या सीटवर अम्मी आणि मुलं, अन् हातात पैसे दोनच नव्या टायरचे. गॅरेजवाले म्हणाले, "सर, गाडी पुढची चाकं ओढतात, नवे पुढेच घाला." मलाही ते पटलं. पण टायर कंपन्या उलट सांगतात : नवे मागे. ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर वेग कमी करून गाडी बहुधा सावरते; मागची घसरली तर ती गर्रकन फिरते, तिथे आपल्यासारख्यांचं काही चालत नाही. मात्र खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली, की तो पुढेही नको नि मागेही नको.

आम्ही नवे मागे बसवले. तरी अम्मी साखरप्यापासूनच, "बेटा, हळू!"